एकशे अठरा ग्रॅमची काठी

१

डोळे मिटा म्हटलं, तर पुढचं वाचणार कोण? तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि समजा, की तुमच्यासमोर एक साधी लाकडी काठी आहे. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, ना साल ना गाठ. पार सुकवली, तर तिचं वजन बरोबर शंभर ग्रॅम भरतं. आता ती रानात उघड्यावर ठेवा. हवा दमट असली की काठी ओलावा पिते आणि तिचं वजन एकशे वीसवर जातं. हवा कोरडी पडली की ओलावा उडून जातो आणि वजन एकशे आठवर, एकशे सहावर उतरतं. म्हणजे शंभराच्या वर जितके ग्रॅम, तितकं काठीच्या पोटात पाणी. आणि काठीची जी गत, तीच रानात पडलेल्या फांद्यांची. पाणी आटलं, की एका ठिणगीचाच काय तो अवकाश.

अशा चारशे काठ्या एका मोठ्या देशात जागोजागी ठेवल्या आहेत असं समजा. रोज दुपारी दोन वाजता चारशे माणसं त्या तोलतात आणि आकडा फोनवरून नकाशाघराला कळवतात. चार वाजता तिथे देशाचा नकाशा रंगतो. पाणी पंधरा ग्रॅमच्या वर असेल तिथे हिरवा, दहा ते पंधरा असेल तिथे पिवळा, दहाच्या खाली लाल. आग विझवणाऱ्या टोळ्या थोड्या आणि रानं फार, म्हणून टोळ्या आणि पाण्याच्या गाड्या लाल रंगाकडे पाठवतात. हिरव्याकडे कोणी बघत नाही.

आणि काल दुपारी आग लागली होती ती हिरव्यात.

टेकडीवरच्या हवामान ठाण्यात भिंगरी सकाळपासून खिडकीत उभी होती. ती अकरा वर्षांची होती, आणि एका जागी पाच मिनिटं टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आज मात्र ती हलली नव्हती. समोरचा पूर्वेचा उतार काळाठिक्कर पडला होता. तीन वर्षांपूर्वी लावलेली रोपं, मधमाश्यांच्या पेट्या, सगळं गेलं होतं. माणसं वाचली, हे नशीब. इथली टोळी काल ऐंशी किलोमीटर दक्षिणेला होती, कारण नकाशावर दक्षिणेचा भाग लाल होता आणि तिथे खरोखरच अकरा ठिकाणी आगी लागल्या होत्या. ती परत येईपर्यंत उतार जळून गेला.

या ठाण्याची काठी तोलत होती भिंगरीची आत्या. भिंगरी अगदी लहान असल्यापासून आत्याकडेच होती. दोन खोल्या, मागे नळ, समोर कुंपणात पांढरी हवामानपेटी आणि मांडणीवर ठेवलेली ती काठी, एवढंच त्यांचं घर. आणि ते नोकरीबरोबर मिळालेलं.

बाराच्या सुमाराला जीप आली. तिच्यातून नकाशाघराच्या तपासनीस बाई उतरल्या. एका पायाने जरा लंगडत होत्या, कानावर पेन्सिल, खिशात शेंगदाणे.

"नोंदवही," त्या म्हणाल्या. आत्याने ती पुढे केली.

"स्पष्ट सांगते. तुमचे आकडे खोटे आहेत असं वर सगळ्यांचं मत झालंय. चार वाजता मी फोन करणार आहे. तुम्ही इथे राहायचं की खोल्या रिकाम्या करायच्या, ते त्या फोनवर ठरेल."

२

बाईंनी खुर्ची ओढली, चार शेंगदाणे तोंडात टाकले आणि वही उघडली.

"आधीचे दिवस बघा. एकशे तेरा, एकशे नऊ, एकशे अकरा, एकशे सात. मग एकदम उडी. एकशे अठरा, परत अठरा, परत अठरा, एकदा सतरा, परत अठरा. दहा दिवस! आणि त्याच पानावर हवेतला ओलावा एक्केचाळीस टक्क्यांवरून एकोणीसवर आलाय. हवा वाळत चालली आणि काठी मात्र ढिम्म. कसं काय?"

"मला काय माहीत? दिसलं ते लिहिलं," आत्या म्हणाली.

"की दिसलंच नाही? ऊन फार म्हणून घरातच बसलात आणि कालचाच आकडा परत लिहिलात?"

आत्या म्हणाली, "बाई, नऊ वर्षांत दुपारचा दोनचा ठोका मी एकदाही चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा. आणि काठी जड येतेय हे मी फोनवर सांगितलं होतं."

"कोणाला?"

"तुमच्याच माणसाला. तो म्हणाला, आकडा सांगा बाई, कविता नको."

तपासनीस बाईंना अचानक खोकला आला. शेंगदाणा अडकला असावा.

"तेवढ्याने भागत नाही," त्या जरा खाली आवाजात म्हणाल्या. "मला पुरावा लागेल." मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. "ए पोरी, इकडे ये. तू खोटं बोलतेस का गं?"

भिंगरीने आत्याकडे पाहिलं.

"कधी कधी," भिंगरी म्हणाली.

"छान. मग मला सांग, कसं बोलतेस?"

३

असा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. भिंगरीने डोकं खाजवलं.

"म्हणजे... आत्या विचारते, आज किती पानं वाचलीस? तर एकदा मी सांगते अकरा, एकदा नऊ, एकदा साडेबारा. रोज दहाच सांगितली तर तिला कळेल ना!"

"साडेबारा?" आत्या म्हणाली. "अगं, ते ऐकून तर मला कौतुक वाटलं होतं!"

तपासनीस बाई हसल्या नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून वहीवर टेकवली. "ऐकलंत? खोटं लिहिणारा माणूस आकडे हलते ठेवतो. एकशे दहा, एकशे बारा, एकशे अकरा. कोणाला संशय येऊ नये म्हणून. दहा दिवस तोच आकडा लिहायला माणूस एक तर फार मूर्ख लागतो, नाही तर फार प्रामाणिक. आणि तुम्ही मूर्ख दिसत नाही."

भिंगरीच्या छातीवरचं ओझं जरा उतरलं. पण बाई उठल्या होत्या.

"माणूस खरा असेल, तर वस्तू खोटी आहे. चला, तराजू बघू."

बाहेर कुंपणातल्या तराजूवर शंभर ग्रॅमचं पितळी वजन ठेवलं. काटा शंभरावर येऊन थांबला. काटेकोर!

मग आत्याने मांडणीवरची काठी आणली. फडक्यात धरून, तराजूच्या हुकाला लटकवून. या काठीला उघडा हात लावायचा नाही असा नियमच होता, कारण हाताचा घाम लागला तरी वजन चुकतं. काटा डुलला आणि थांबला.

एकशे अठरा.

"काठीवरची खूण?" बाईंनी विचारलं.

"आमचीच. टोकाला कोरलेला आकडा बघा. कोणी बदललेली नाही," आत्या म्हणाली.

बाई वाकल्या, कुंपणाबाहेरची एक वाळकी डहाळी उचलली आणि भिंगरीच्या कानाशी नेऊन मोडली. कट्! खडू मोडावा तशी.

"हिच्यात पाणी किती असेल?"

"काहीच नाही," भिंगरी म्हणाली.

"आणि तिच्यापासून चार पावलांवर ठेवलेल्या काठीत अठरा ग्रॅम. एकाच उन्हात एक उपाशी, एक तुडुंब." बाईंनी घड्याळ पाहिलं. "सव्वाबारा वाजलेत. हे लक्षात ठेव. आता सांगा, ही काठी जड राहावी असं कोणाला वाटत असेल?"

भिंगरीचे डोळे एकदम मोठे झाले. "मला माहितीये! मी बघितलंय त्याला! बादली घेऊन!"

४

तळ्याकाठी दहा खोल्यांचं एक पाहुणघर होतं. नकाशा लाल झाला की रानाचं फाटक बंद होतं, फाटक बंद झालं की पाहुणे फिरायला जाऊ शकत नाहीत आणि सामान बांधून निघून जातात. म्हणजे नकाशा हिरवा राहण्यात कोणाचा फायदा, हे सांगायला शहाणा माणूस नको. आणि पाहुणघराच्या मालकाला भिंगरीने दोनदा पाहिलं होतं, भल्या सकाळी, ठाण्याच्या कुंपणापाशी, हातात बादली.

"आपण शांतपणे विचारू," जीपमध्ये तपासनीस बाई म्हणाल्या. "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करायचं नाही."

पण जीप थांबायच्या आत भिंगरीने उडी मारली होती. पाहुणघराच्या ओसरीवर आठ-दहा पाहुणे चहा पीत बसले होते. मालक त्यांच्यामध्ये किटली घेऊन उभा होता. टक्कल, पोट, खांद्यावर पंचा.

"हेच ते!" भिंगरी पायरीवरून ओरडली. "काठीवर पाणी ओततात! यांच्यामुळे उतार जळला! यांच्यामुळे माझ्या आत्याला काढतायत!"

पाहुण्यांचे कप हवेतच थांबले. मालकाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"काय बोलतेस, पोरी? मी... मी काठीला हातसुद्धा लावला नाही."

"मग बादली कशाला होती?"

मालकाने पाहुण्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला.

"पंप बंद पडलाय माझा," तो शेवटी म्हणाला. "आठवडा झाला. पाणी नाही म्हटलं तर ही मंडळी राहतील का? तुमच्या ठाण्याच्या मागच्या नळावरून सकाळी चार बादल्या आणतो. न विचारता. चोरीच म्हणा. पण पाण्याचीच हो, दुसरी कसली नाही."

"म्हणजे आम्ही बादलीच्या पाण्याने अंघोळ करतोय?" एक पाहुणी म्हणाली. दोन कुटुंबं तिथल्या तिथे उठून खोल्यांकडे गेली.

परतीच्या वाटेवर भिंगरी म्हणाली, "खोटं बोलतोय तो."

"बघू," बाई म्हणाल्या. "काठीवर पाणी शिंपडलं, ती कडक उन्हात ठेवली, तर तासाभराने तिचं वजन काय होईल?"

"कमी. पाणी उडून जाईल ना."

"मग काठीलाच विचारू."

सव्वाएकला आत्याने काठी पुन्हा तोलली. काटा डुलला, डुलला, थांबला.

एकशे अठरा. एक ग्रॅमसुद्धा कमी नाही.

"पाणी असतं तर उडालं असतं," बाई म्हणाल्या. "तो माणूस खरं बोलत होता. आपण साप समजून भुई धोपटत होतो."

भिंगरीने मान खाली घातली. जे उडत नाही, असं काय होतं त्या काठीत?

५

"नळावरून थोडं पाणी आण," बाई म्हणाल्या. "चमचाभर पुरे."

भिंगरीने आणलं. बाईंनी बोट बुडवलं आणि एक थेंब कुंपणाच्या लाकडी खांबावर सोडला. खांब जुना, वाळलेला. थेंब पसरला, काळा डाग पडला आणि लाकडाने तो पिऊन टाकला.

"आता हिच्यावर."

दुसरा थेंब काठीवर पडला. पडला तो गोल मण्यासारखा बसून राहिला. भिंगरीने फडक्यानेच काठी जराशी कलती केली, तर थेंब घरंगळून खाली गेला. मागे ओल नाही की डाग नाही.

"ती पाणी पीतच नाही!"

"आणि सोडतही नाही," बाई म्हणाल्या. "तोंड शिवल्यासारखी. म्हणून तर आकडा हलत नाही. आता नियम बाजूला ठेव आणि हिच्यावरून बोट फिरव."

भिंगरीने बोट फिरवलं. लाकूड गुळगुळीत होतं, किंचित चिकट, आणि बोटाला बारीक धूळ लागली. तिने बोट नाकाशी नेलं. कडवट, जड, ओळखीचा वास.

"तेल!"

"जवसाचं तेल," आत्या म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली. "अगंबाई! आणि मी दहा दिवस फडक्याने उचलतेय. हात लागू नये म्हणून! एकदा तरी हात लागला असता, तर त्याच दिवशी कळलं असतं."

"वास नाही आला?"

"आला होता. मला वाटलं, मांडणी दुरुस्त केली तिचा असेल."

बाईंची पेन्सिल थांबली. "मांडणी कधी दुरुस्त केलीत?"

आत्याने वहीचं पान मागे उलटलं. बोट एकशे सातवरून खाली सरकलं आणि पहिल्या एकशे अठरावर थांबलं.

"याच दिवशी. सकाळी."

"कोणी केली?"

आत्याने वही मिटली. भिंगरीची नजर उताराखाली गेली. दोघींनाही उत्तर माहीत होतं आणि दोघींनाही ते द्यायचं नव्हतं. खाली टेकडीच्या पायथ्याशी आग विझवणाऱ्या टोळीची शेड होती, आणि त्या शेडचा मुकादम म्हणजे या दोन खोल्यांत कधीही येणारा, भिंगरीला पोहायला शिकवणारा एकुलता एक मामा. नात्याचा नव्हे, मानलेला. पण मानलेली नाती काही कच्च्या धाग्याची नसतात.

घरात फोन वाजायला लागला. दोन वाजले होते. नकाशाघर आकडा मागत होतं.

आत्या उठली, फोनपाशी गेली आणि हात अर्ध्यावरच थांबवला. "बाई, मी काय सांगू? खोटा आकडा मला सांगायचा नाही, आणि खरा माझ्याकडे नाही."

"तेच सांगा," बाई म्हणाल्या. "आणि तो कविता म्हणाला, तर फोन मला द्या."

६

बाईंनी वहीची सगळी पानं उतरवून घेतली, आत्याने शेवटी मुकादमाचं सांगितलं, आणि साडेतीनच्या पुढे बाई भिंगरीला घेऊन खाली आल्या. मुकादमाची शेड म्हणजे बघण्यासारखी जागा. कुऱ्हाडी, कुदळी, फावडी, लांब दांड्यांची दाताळी, सगळं ओळीने टांगलेलं. आणि प्रत्येक दांडा असा चकाकत होता, की त्यात तोंड बघून घ्यावं. टोळीतली माणसं कालच्या आगीने दमून, बूटसुद्धा न काढता जमिनीवर झोपली होती. मुकादम एकटा जागा होता. काळवंडलेल्या चेहऱ्याने एक दांडा फडक्याने पुसत होता.

"या, या! भिंगरे, तू पण? बस. माफ करा हं, बाई, अंगाला धुराचा वास आहे."

"दांडे छान ठेवलेत," तपासनीस बाई म्हणाल्या.

मुकादम खुलला. "आमच्या टोळीचा नियमच आहे तो. हंगामाच्या आधी शेडमधलं एकूण एक लाकूड तेल पिणार. दोन हात. वाळलेला दांडा ऐन आगीत मोडतो, नाही तर कुसळ हातात घुसतं. माझ्या गुरूने मला पहिल्या दिवशी सांगितलं, लोखंडाला धार आणि लाकडाला तेल, मग आगीला सामोरा जा. तीस वर्षं झाली, माझ्या माणसाच्या हातात दांडा मोडला नाही."

"ठाण्याची मांडणी तुम्हीच दुरुस्त केलीत ना?"

"मीच की. एक पाय डुगडुगत होता. ताई आत फोनवर होत्या. म्हटलं, आलोच आहे, तर मांडणीला तेल देऊ. आणि ती काठी, बिचारी उन्हात कोरडी ठणठणीत पडलेली. चिरा पडल्या असत्या हो तिला. तिलाही दिले दोन हात. चांगलं प्यायली!" त्याने अभिमानाने भिंगरीकडे पाहिलं. पण भिंगरी हसत नव्हती. "काय झालं?"

मग भिंगरीच बोलली. ज्या माणसाने तिला पाण्यात तरंगायला शिकवलं होतं, त्याला दुसऱ्या कोणी हे सांगावं असं तिला वाटलं नाही.

"मामा, त्या काठीला काहीच लावायचं नसतं. हवा कोरडी झाली की ती पण कोरडी होते, म्हणून आपल्याला कळतं. तुम्ही तेल दिलंत, तर ती जड झाली. दहा दिवस एकशे अठरा. म्हणून नकाशा हिरवा. म्हणून... तुम्ही दक्षिणेला."

मुकादमाच्या हातातलं फडकं खाली पडलं. तो झोपलेल्या माणसांकडे वळला.

"म्हणजे कालची आग..."

"आग तुम्ही लावली नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "तुमच्या शेडचा नियम चांगला आहे, आमच्या ठाण्याचाही चांगला आहे. फक्त दोघांनी एकमेकांना तो कधी सांगितला नव्हता. काठी कशासाठी असते, हे टोळीला सांगायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नाही."

"करायला गेलो काय आणि झालं काय," मुकादम पुटपुटला. मग त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आता दुःख नव्हतं, भीती होती. "बाई, इथलीच नाही. खालच्या दोन्ही ठाण्यांवरही मी गेलो होतो. त्याच आठवड्यात. त्यांच्याही काठ्यांना..."

तपासनीस बाईंनी पिशवीतून कालचा नकाशा काढून जमिनीवर पसरला. दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळा, आणि मध्ये तीन ठाण्यांचा एक मोठा, गार, समाधानी हिरवा पट्टा.

"उद्या सकाळपासून उत्तरेचा कोरडा वारा सुटणार आहे," त्या हळूच म्हणाल्या. "थेट या पट्ट्यावरून."

शेडच्या भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा मिनिटं कमी होती. आणि शेडमध्ये फोन नव्हता.

७

जीप वेळेत टेकडीवर चढली ती मुकादमाने हाकली म्हणून. लंगड्या पायाने बाईंना इतका वेग जमला नसता. आत्या दारातच रिसीव्हर हातात धरून उभी होती. नकाशाघराचा नंबर तिने आधीच लावून ठेवला होता.

"रंग द्यायला घेऊ नका!" बाई फोनमध्ये ओरडल्या. "मधली तीन ठाणी. काठ्या बाद. हो, तिन्ही! हवेतल्या ओलाव्यावरून रंग ठरवा. किती आहे?" त्यांनी आत्याकडे पाहिलं.

"एकोणीस," आत्या वही न बघता म्हणाली. "आणि पायाखालच्या फांद्या कडाकडा मोडतायत. हेही सांगा."

बाईंनी सांगितलं. पलीकडून काही तरी बोलणं झालं. "नाही, ही कविता नाही," बाई म्हणाल्या. "ही आजची सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे. पट्टा लाल करा. इथली टोळी मधल्या ठाण्यावर ठेवा, दक्षिणेची एक पाण्याची गाडी परत बोलवा."

मग त्या थांबल्या. भिंगरीने आत्याचा हात धरला.

"हो, दुसरी गोष्ट. या ठाण्याच्या बाईंबद्दल. आकडे खरे आहेत. दहाच्या दहा. काठी खोटी होती, त्या नव्हत्या. त्या इथेच राहतील. आणि उद्यापासून फोन घेणाऱ्याने प्रत्येक ठाण्याला शेवटी एक प्रश्न विचारायचा: काही वेगळं वाटतंय का? हो, चारशे ठाण्यांना. वेळ लागेल तर लागू दे."

आत्या मागे गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला. दहाच्या सुमाराला मधल्या ठाण्याजवळ विजेची तार तुटून गवतावर पडली आणि आग लागली. पण टोळी तिथून हाकेच्या अंतरावर उभी होती, पाण्याची गाडी शेजारीच होती. वीस मिनिटांत सगळं विझलं. शाळेच्या मैदानाएवढं गवत जळलं, बस्स. मुकादमाने मधल्या ठाण्यावरून फोन करून हे सगळं सांगितलं.

"ताई, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते," तो शेवटी म्हणाला.

"संध्याकाळी जेवायला या," आत्या म्हणाली. "आणि येताना हात धुऊन या. माझ्या नव्या काठीच्या आसपास तेलकट माणूस नको." पलीकडून हसण्याचा आवाज आला. रडण्याचाही असेल.

आत्याने फोन ठेवला. भिंगरी टेबलाशी बसली होती. पुस्तक उघडं, पण पान उलटत नव्हतं.

"आता काय झालं? सगळं नीट झालं ना?"

"तुझं नीट झालं," भिंगरी म्हणाली. "आत्या, तुला काल कसं वाटत होतं? सगळे म्हणत होते तू खोटी आहेस म्हणून."

आत्याने जरा विचार केला. "पोटात दगड ठेवल्यासारखं."

"पाहुणघराच्या काकांनाही तसंच वाटत असेल. मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले. आज फाटक पण बंद झालंय, म्हणजे पाहुणे चालले असतील. ते घरी जाऊन सांगतील, की तिथला माणूस आग लावतो." ती थांबली. "काकांना एकट्याला गाठून माफी मागितली तर चालेल?"

"तुला काय वाटतं?"

भिंगरीने पुस्तक मिटलं. पायात चपला सरकवल्या आणि ती उतारावरून अशी धावत सुटली, की आत्या दारात येईपर्यंत ती पहिल्या वळणाआड गेली होती. पाहुणघराच्या ओसरीवर बॅगा रचलेल्या होत्या. तळ्याच्या वळणावर पाहुण्यांना न्यायला येणाऱ्या बसचा आवाज ऐकू येत होता. मालक एका म्हाताऱ्या पाहुण्याची पेटी उचलत होता. भिंगरीला पाहून तो तसाच वाकलेला राहिला.

भिंगरी पायरीवर चढली. धाप लागली होती, कान तापले होते, आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. तिने श्वास आत घेतला आणि शेवटच्या बॅगेपाशी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जायच्या आधी एक मिनिट थांबा. काल मी इथे उभी राहून काकांबद्दल जे बोलले, ते चूक होतं. खरं काय झालं, ते आता नीट सांगते."